आधी ऊन मोजा, मग पडदा शिवा

होळी आटोपली की नागपूरच्या प्रतापनगरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. ताट्या बदलल्या जातात, पंप पाणी चढवतो की नाही ते पाहिलं जातं, गॅलरीला हिरवी नेट ताणली जाते. ज्यांनी जुनं घर पाडून नवं बांधलं किंवा मोठा फ्लॅट घेतला, त्यांच्याकडे याच सुमारास आणखी एक विषय निघतो: एवढा मोठा हॉल काढला खरा, पण त्यात बसायचं कुठं? सोफा दुकानात आवडला म्हणून आला. टीव्ही इलेक्ट्रिशियननं पॉइंट दिला त्या भिंतीवर चढला. पडदे सोफ्याच्या रंगाला शोभतील असे शिवून झाले. फोटोत हॉल झकास दिसतो. मे महिन्यात मात्र दुपारी चारनंतर त्या सोफ्यावर कुणी टेकत नाही; अख्खं घर कूलरच्या झोतात चटई टाकून बसलेलं असतं.

दोष सोफ्याचा नाही, क्रमाचा आहे. नागपुरात हॉल लावताना आधी ऊन पाहावं, मग वारा, मग माणसांची ऊठबस, आणि रंगसंगती सगळ्यात शेवटी. प्रतापनगरच्या शेजारीच सोनेगावचं विमानतळ आहे आणि हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्रही तिथंच आहे. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात पडदा ही शोभेची वस्तू नंतर होते, आधी ती घराची ढाल असते.

चार दिशा, चार हिशोब

नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो: एकदा २६ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. पहिली वेळ ऐन नवतप्यात पडते. तेव्हा भर दुपारचं ऊन गच्चीवर कोसळतं, पण दक्षिणेच्या खिडकीतून त्याचा कवडसाही आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला सुमारे ४५ अंशांवर असतो. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर त्याची सावली भिंतीवर साधारण दोनच फूट उतरते आणि चार फूट उंच खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात न्हातो. म्हणजे दक्षिणेची खिडकी ही प्रतापनगरातली सगळ्यात समजूतदार खिडकी. उन्हाळ्यात ती त्रास देत नाही आणि थंडीत ऊब देते. तिला जाड पडद्यानं गुदमरवू नये. पातळ सुती पडदा पुरतो.

पूर्वेची खिडकी मेमध्ये पहाटे साडेपाचपासून उजळते. आठपर्यंतचं ऊन सोसवतं, नऊनंतरचं नाही. तिथं वरखाली गुंडाळता येणारा पडदा बरा, कारण सकाळी पूर्ण उघडा आणि नऊला पूर्ण बंद असं रोज करावं लागतं.

उत्तरेची खिडकी थंड असते हा समज डिसेंबरापुरता खरा. जूनमध्ये नागपुरात सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही. तो पश्चिमेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेला सरकलेला असतो. त्यामुळे मे ते जुलै संध्याकाळी पाचनंतर उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत शिरतं. नेमकी तीच टीव्हीची आणि चहाची वेळ असते.

आणि पश्चिमेची खिडकी. इथं छज्जा हात टेकतो, कारण चार वाजताचा सूर्य छज्ज्याच्या खालून डोकावतो. मेमधल्या निरभ्र दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ढोबळमानानं ६०० वॅट उष्णता पडते. सहा फूट बाय चार फुटांची खिडकी म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. साधी काच त्यातली बहुतेक उष्णता आत सोडते. हिशोब करा: ऐन उन्हाळ्यात हॉलमध्ये हजार वॅटचा हीटर लावून ठेवल्यासारखं हे झालं. एक टनाचा एसी तासाला जेवढी उष्णता बाहेर फेकतो, तिचा तिसरा हिस्सा या एकट्या खिडकीपायी खर्ची पडतो.

काचेच्या आत की काचेच्या बाहेर?

आतून जाड गडद पडदा ओढला की अंधार होतो आणि आपल्याला वाटतं ऊन अडलं. उजेड अडतो; उष्णता आधीच आत आलेली असते. सूर्याचे किरण काचेतून सहज पार होतात आणि पडद्यावर आदळतात. पडदा तापतो, आणि तापलेला पडदा स्वतःच उष्णता फेकू लागतो. ही उष्णता वेगळ्या, लांब लहरींची असते आणि काच तिला बाहेर जाऊ देत नाही. पडदा जितका गडद, तितका तो जास्त तापतो. पाच वाजता पश्चिमेचा चॉकलेटी पडदा बाजूला सारून त्याच्या आणि काचेच्या मधल्या फटीत हात घालून पाहा, सगळं शास्त्र तळहाताला कळेल.

आतूनच पडदा लावायचा असेल, तर त्याला पांढरं किंवा फिकट अस्तर हवं आणि ते काचेकडं हवं. फिकट पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश काचेतून आला तसा बाहेर जातो. खोलीकडच्या बाजूला मग हवा तो रंग ठेवा. पडदा भिंतीला लागून, खिडकीच्या दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच जास्त असावा, म्हणजे बाजूच्या फटीतून तापलेली हवा हॉलमध्ये सांडत नाही.

पण खरा इलाज काचेच्या बाहेर आहे. ऊन काचेवर पडूच दिलं नाही, तर आत काय करायचं हा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो. आपल्याकडं यासाठी जुनी साधनं भरपूर आहेत. बांबूची चिक हे त्यातलं सगळ्यात सोपं. बुरुडांनी विणलेली चिक गॅलरीच्या किंवा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला टांगली की ऊन कांबींवर अडतं, त्यांच्यामधल्या फटींतून वारा येतो आणि आतून बाहेरचं दिसत राहतं. दुसरं साधन हिरव्या नेटचं. ती ५०, ७५, ९० टक्के सावली देणाऱ्या प्रकारांत मिळते. खिडकीला अगदी चिकटवून ताणू नये. हातभर अंतर सोडलं की तापलेली नेट मधल्या हवेतच थंडावते. ९० टक्क्यांची नेट वारा बराच अडवते, म्हणून पश्चिमेला ती आणि इतर बाजूंना ७५ टक्क्यांची घ्यावी. तिसरं साधन वाळ्याच्या ताट्या. पाणी शिंपडलं की त्या ऊन आणि धग दोन्ही अडवतात, वर वास मिळतो. मात्र पाणी मारायला घरात कुणीतरी असावं लागतं.

हे सगळं घराच्या रचनेतच मुरवलेलं पाहायचं असेल, तर नागपूरहून सेवाग्रामला जाऊन यावं. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा उभ्या राहिलेल्या आदिनिवासात आणि नंतरच्या बापूकुटीत मातीच्या जाड भिंती आहेत, वर कवेलूंचं उतरतं छप्पर आहे आणि खाली झुकलेली ओसरी ऊन भिंतीपर्यंत पोहोचूच देत नाही. आत चटई, गादी, बुटकं मेज; बसणं सगळं जमिनीलगत. गरम हवा वर चढते, म्हणून त्या खोलीत माणूस जिथं बसतो तोच थर सगळ्यात थंड असतो. आरसीसीच्या चौकटीतल्या प्रतापनगरच्या हॉलला मातीची भिंत परवडणार नाही, पण ओसरीचं काम चिक करू शकते आणि बुटक्या बैठकीचा धडा तसाच्या तसा घेता येतो.

कूलरची जागा ठरली की अर्धा हॉल ठरला

कूलर कोरड्या हवेवर चालतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा २३-२४ अंशांपर्यंत उतरतो. चांगल्या ताट्यांचा कूलर त्याच्या जवळ, म्हणजे २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. मृगाचा पाऊस पडला, हवा दमट झाली की हेच यंत्र नुसता चिकट वारा फेकतं. त्यात कूलरचा दोष नाही. दमट हवेत पाण्याची वाफ फारशी होतच नाही.

इथंच पडदे आणि कूलर यांचं भांडण सुरू होतं. उन्हासाठी खिडक्या बंद हव्यात, कूलरसाठी एक खिडकी उघडी हवी. आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर तासाभरात हॉल कोंदट होतो. तोडगा असा: कूलर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीतल्या खिडकीत, आणि हवा बाहेर जायची वाट समोरच्या किंवा तिरप्या बाजूच्या खिडकीतून. त्या खिडकीला बाहेरून चिक लावली, तर ऊन अडतं आणि वाराही जातो. आतला जाड पडदा ते करू शकत नाही. तो वाऱ्यानं फुगून खिडकीच बंद करून टाकतो. पश्चिमेला कूलर लावला, तर टाकीतलं पाणी तापतं आणि तापलेली हवाच आत ओढली जाते.

खिडक्या पुरेशा आहेत का, याचाही अंदाज घ्यावा. ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१८ साली निवासी इमारतींसाठी काढलेल्या इको निवास संहितेत, नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात येतं, तिथं घराच्या चटईक्षेत्राच्या निदान साडेबारा टक्के भाग उघडणारा असावा असं म्हटलं आहे. तोच मापदंड हॉलला लावून पाहू. १८ बाय २४ फुटांचा हॉल म्हणजे ४३२ चौरस फूट. त्याला ५४ चौरस फूट उघडी जागा हवी. इथं एक मेख आहे. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही मोठी असली, तरी ती अर्धीच उघडते. २४ चौरस फुटांची खिडकी वाऱ्याच्या लेखी १२ चौरस फुटांची. त्यावर मच्छरजाळी असेल, तर वारा आणखी मंदावतो. म्हणून अशा खिडकीसमोर उंच शोकेस किंवा सोफ्याची पाठ आणून ठेवणं म्हणजे आहे तेवढाही वारा दवडणं.

कूलरच्या दोन गोष्टी हॉलच्या मांडणीत धरायलाच हव्यात. लोखंडी कूलरला अर्थिंग असलंच पाहिजे, आणि सोफा किंवा दिवाण त्याच्यापासून इतका दूर हवा की बसल्या बसल्या कुणाचा हात त्याला लागणार नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि त्याला साचलेलं स्वच्छ पाणीच आवडतं.

बैठक: एक मोठी की दोन लहान?

मोठ्या हॉलमध्ये नेहमीची चूक म्हणजे सगळं फर्निचर भिंतींना चिकटवणं. मधे मैदान उरतं आणि समोरासमोर बसलेली माणसं पंधरा फुटांवरून ओरडून बोलतात. गप्पा मारायला दोन बैठकांमध्ये सात-आठ फुटांहून जास्त अंतर नको. त्यामुळे १८ बाय २४ च्या हॉलमध्ये एकच अवाढव्य बैठक मांडण्याऐवजी दोन कराव्यात: एक पाहुण्यांची आणि टीव्हीची, दुसरी घरच्यांची. दुसरीत दिवाण, दोन वेताच्या खुर्च्या, आजोबांचा पेपर, मुलांचा अभ्यास. दोन्हींमधून ये-जा करायला तीन फुटांची मोकळी वाट राहावी. ती वाट टीव्ही आणि सोफा यांच्यामधून जाता कामा नये. सोफा आणि टीपॉय यांच्यात दीड फूट पुरतं. हात पोचतो आणि गुडघाही आपटत नाही.

टीव्ही खिडकीच्या समोर लावला की पडद्यावर खिडकीच दिसते, आणि खिडकीच्या भिंतीवर लावला की मागच्या उजेडानं डोळे दिपतात. खिडकी टीव्हीच्या बाजूच्या भिंतीत असावी. ५५ इंची टीव्हीसाठी सात ते नऊ फूट अंतर सोयीचं.

आता पश्चिमेची भिंत. नऊ इंची विटांची भिंत दुपारी तापते, पण ती उष्णता आत पोचायला सहा ते आठ तास घेते. म्हणून पश्चिमेची भिंत रात्री नऊ-दहाला आतून सगळ्यात गरम असते, आणि नेमका त्याच वेळी तिला टेकून सोफा किंवा झोपायचा दिवाण असतो. तिथं पुस्तकांचं कपाट, गाद्या ठेवायची पेटी किंवा कपड्यांचं कपाट ठेवावं, भिंतीपासून दोन इंच सोडून. कपाट आणि मधली हवा मिळून धग अडवतात. वास्तुशास्त्र मानणारे जड सामान नैर्ऋत्येला ठेवतात. इथं उन्हाचं गणितही तेच सांगतं, तेव्हा घरात वादही होत नाही.

माणसं बसतील तिथं वर पंखा हवा. हॉल मोठा असेल, तर मधोमध एक पंखा दोन्ही बैठकांना अर्धामुर्धाच पोचतो. बांधकाम चालू असतानाच बैठका कुठं असतील ते खडूनं स्लॅबखाली आखून दोन हुक सोडून घ्यावेत. फोमचे, रेक्झीनचे सोफे उन्हाळ्यात अंगाला चिकटतात. लाकडी चौकट, वेताची पाठ आणि सुती गाद्या हे जुनं समीकरण आपल्या हवेला मानवतं. लकडगंजात सागवानाची बाजारपेठ आहे आणि चंद्रपूर-बल्लारशाचं सागवान सगळ्या देशात जातं. नव्या संसद भवनातलं सागवानही नागपूरहून गेलं. तेव्हा लाकडासाठी आपल्याला दूर जावं लागत नाही.

कापडाचा हिशोब

गांधीबागेत किंवा सीताबर्डीत कापड घ्यायला जाण्याआधी मापं कागदावर हवीत. एक खिडकी करून पाहू. खिडकी सहा फूट रुंद. रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच वाढवला, म्हणजे सात फूट, ८४ इंच. चुण्या नीट पडायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं: १६८ इंच. पडद्याच्या कापडाचा पन्हा ४८ इंच असेल, तर साडेतीन पट्टे होतात. म्हणजे चार घ्यायचे, डावीकडं दोन आणि उजवीकडं दोन. रॉडपासून फरशीपर्यंत उंची साडेसात फूट धरली, तर वरखालच्या दुमडीसाठी एक फूट जास्त, म्हणजे पट्टा साडेआठ फुटांचा, सुमारे २.६ मीटर. चार पट्ट्यांचे साडेदहा मीटर. अस्तर जवळपास तेवढंच वेगळं. दुकानदार ‘आठ मीटरमध्ये बसवून देतो’ म्हणाला, तर चुण्या जातील आणि पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसेल.

सुती कापड आटतं; शिवायला टाकण्याआधी भिजवून वाळवून घ्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पडदा फरशीपासून वीतभर वर लटकतो. खाली अर्धा इंच मोकळं ठेवावं, कारण फरशी रोज पुसली जाते आणि ओली कड लवकर मळते. पश्चिमेच्या खिडकीला रेशमी कापड नको. उन्हानं त्याचे धागे दोन-तीन उन्हाळ्यांत कुजून फाटतात. रिंग रोडच्या बाजूच्या घरांत धूळ जास्त, तिथं आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडपेक्षा धुता येणारा साधा पडदा परवडतो. ब्लाइंड घेतलेच आणि घरात लहान मूल असेल, तर लोंबती दोरी पाच फुटांच्या वर खुंटीला गुंडाळून ठेवावी. दोरीचा फास मुलांच्या गळ्याला बसून जगभर जीव गेले आहेत.

हलता हॉल

आपला हॉल वर्षभर एकाच कामाचा नसतो. मेमध्ये तो सगळ्यांचं शयनगृह होतो, श्रावणात कपडे वाळवायची जागा, भाद्रपदात महालक्ष्म्यांचं देऊळ. त्या तीन दिवसांत मखर, आरास, सवाष्णींची पंगत हे सगळं इथंच बसवायचं असतं आणि भलामोठा एल आकाराचा सोफा गॅलरीच्या दारातून बाहेर निघत नाही. म्हणून सोफा सुट्या भागांचा घ्यावा, दिवाणाखाली गाद्यांची पेटी असावी, टीपॉय एका माणसाला उचलता यावा. महालक्ष्म्या ज्या भिंतीपाशी बसतात, तिथं भिंतीत ठोकलेलं टीव्ही युनिट नको.

पडद्यांनाही हाच नियम. रॉड दुपदरी लावून घ्यावा: आतल्या रॉडवर पातळ पडदा बारा महिने, बाहेरच्यावर अस्तराचा जाड पडदा मार्च ते जून. पाऊस सुरू झाला की जाड पडदे धुऊन, खडखडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत टाकावेत. दमट हवेत ते कुबट होतात. चिक उतरवून गुंडाळून ठेवावी, म्हणजे ती आणखी काही उन्हाळे टिकते.

पैसे एकदम खर्च करायचे नसतील, तर त्याचाही क्रम आहे. पहिले पैसे पश्चिमेच्या खिडकीच्या बाहेरच्या चिकेवर किंवा नेटवर. दुसरे कूलरच्या अर्थिंगवर आणि पंख्याच्या दुसऱ्या हुकावर. तिसरे फिकट अस्तरावर. सोफा जुनाच राहिला, तरी तो पश्चिमेच्या भिंतीपासून हलवायला पैसे लागत नाहीत, दोन माणसं लागतात. हे सगळं होऊन एक उन्हाळा गेला की कोणत्या खिडकीला कोणता पडदा हवा, हे सांगायला सजावटकार लागणार नाही. रंग तेव्हा निवडा.